आकारमानाची समानता आणि अवकाशीय क्रमबद्धता

एखाद्या समूहातील घटक आकारमानाने एकमेकांसारखे असणे याला आकारमानाची समानता म्हणतात, आणि ते घटक ठरावीक अंतराने, पुनःपुन्हा येणाऱ्या रचनेत मांडलेले असणे याला अवकाशीय क्रमबद्धता. मराठीत 'आकार' हा शब्द घडण आणि लहानमोठेपणा या दोन्ही अर्थांनी योजला जातो. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत असल्याने 'आकारमान' हा शब्द वापरला आहे. या दोन गुणांचा संबंध निकटचा असला तरी ते एक नव्हेत. समान गोळ्या अस्ताव्यस्तही पडू शकतात. मात्र असमान गोळ्यांची नीटस मांडणी आपोआप होणे फार कठीण. डाळिंबाचे दाणे, मधमाश्यांचे पोळे, ओपल हे रत्न, डोळ्याचे पारपटल आणि बेसाल्ट खडकाचे स्तंभ ही या संबंधाची परिचित उदाहरणे होत.

डाळिंबाचा दाणा आणि केप्लरचा प्रश्न

सोलापूर जिल्हा डाळिंबाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे स्थापन झाले. बाजारात फळांची प्रतवारी मुख्यतः वजन, रंग आणि सालीची निर्दोषता यांवरून होते. पण गणिताच्या इतिहासात डाळिंबाला जे स्थान मिळाले ते फळाच्या आतील दाण्यांमुळे.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६११ मध्ये हिमकणांच्या षट्कोनी घडणीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत त्याने डाळिंबाचाही विचार केला आहे. दाणे कोवळे असताना त्यांना पुरेशी जागा असते व ते गोल असतात. पुढे ते वाढतात, साल मात्र तितकी पसरत नाही. त्यामुळे दाणे एकमेकांवर दाबले जाऊन त्यांना सपाट पैलू पडतात. हे पैलू समभुज चौकोनासारखे असतात, असे त्याचे निरीक्षण होते. सारख्या गोळ्या सर्वांत दाट रचल्या व दाबल्या तर प्रत्येकीला असे बारा पैलू पडतात. फळविक्रेता मोसंबी रचतो तीच सर्वांत दाट मांडणी होय, हे त्याचे अनुमान 'केप्लरचे अनुमान' म्हणून ओळखले जाते. या मांडणीत सुमारे ७४.०५ टक्के जागा व्यापली जाते. अमेरिकन गणिती थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने त्याची सिद्धता मांडली आणि तिची संगणकीय पडताळणी २०१४ मध्ये पूर्ण झाली. विक्रेत्याला जे हाताने ठाऊक होते ते सिद्ध व्हायला जवळजवळ चार शतके लागली.

प्रत्यक्षातील डाळिंब मात्र इतके काटेकोर नसते. दाणे पांढऱ्या पापुद्र्यांनी विभागलेल्या कप्प्यांत असतात, गराला चिकटलेले असतात आणि सर्वांचे आकारमान नेमके सारखे नसते. म्हणून सोललेल्या फळात बारा पैलूंचा आदर्श दाणा शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. १९३९ मध्ये जे. डब्ल्यू. मार्विन यांनी शिशाचे समान छर्रे दाबून याचा उलगडा केला. छर्रे शिस्तीने रचून दाबले तेव्हा बारा समभुज पैलू मिळाले. तेच छर्रे नुसते ओतून दाबले तेव्हा पैलू वेडेवाकडे झाले आणि त्यांची सरासरी संख्या चौदाच्या आसपास आली. आकारमान समान असूनही क्रम आपोआप आला नाही. पायलीत ओतलेल्या ज्वारीचेही तसेच. ओतलेल्या समान गोळ्या हलवून, ठोकून बसवल्या तरी त्या सुमारे ६४ टक्क्यांहून अधिक जागा सहसा व्यापत नाहीत.

मधमाश्यांचे पोळे

सपाट पृष्ठाचे समान क्षेत्रफळाचे तुकडे करताना एकूण परिमिती किमान राखायची असेल तर षट्कोन हीच सर्वोत्तम योजना होय. चौथ्या शतकातील पॅपस या ग्रीक गणितीने ही कल्पना मांडली होती. संपूर्ण सिद्धता १९९९ मध्ये हेल्स यांनीच दिली. सातेरी असो वा आग्या, मधमाशी याच तत्त्वाने मेण वाचवते. मात्र षट्कोन उपयोगी ठरतो तो सर्व घरे समान असतील तोवरच. सातेरी माशीच्या पोळ्यात कामकरी माश्यांची घरे लहान व नरांची मोठी असतात. जेथे ही दोन प्रकारची घरे एकमेकांना भिडतात तेथे पाच किंवा सात बाजूंची घरे आढळतात. आकारमान बदलले की क्रमात सांधा पडतो, हे पोळ्याच्या त्या पट्ट्यात डोळ्यांनी दिसते.

कलिल स्फटिक व ओपल

द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणाला कलिल म्हणतात. १९५७ मध्ये बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी संगणकावर कठीण गोळ्यांचे अनुकरण केले. गोळ्यांमध्ये आकर्षण मुळीच नसतानाही त्या पुरेशा दाट झाल्या की क्रमबद्ध होतात, असे त्यांना आढळले. हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कारण एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असेच शालेय पुस्तकांतून मनावर ठसलेले असते. वस्तुतः दाटीमध्ये रांगेत उभे राहिल्यास प्रत्येक गोळीला हालचालीस अधिक मोकळीक मिळते. त्यामुळे येथे क्रम आल्यानेच एंट्रॉपी वाढते. १९८६ मध्ये पीटर प्युसी व विल्यम व्हॅन मेगन यांनी प्रत्यक्ष कलिलात हे दाखवून दिले. त्यासाठी अट एकच, कण जवळजवळ समान हवेत. आकारमानातील विचलन सरासरीच्या साधारण ६ ते ७ टक्क्यांपलीकडे गेले तर स्फटिक सहजासहजी बनत नाही, मिश्रण काचेप्रमाणे अस्ताव्यस्त अवस्थेतच गोठते.

ओपल रत्नाचे रंग याच कारणाने उद्भवतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की, या रत्नात सिलिकाचे काही शे नॅनोमीटर व्यासाचे समान गोलक थरांवर थर रचलेले असतात. त्यांच्यावरून प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग प्रकटतात. गोलक असमान असलेल्या ओपलमध्ये असे रंग प्रकटत नाहीत. मोराच्या पिसातही मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या अशाच जालकात बसवलेल्या असून त्यांतील अंतर काही नॅनोमीटरांनी बदलले की निळ्याचा हिरवा वा पिवळा होतो.

डोळ्याचे पारपटल

जीवसृष्टीतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कदाचित हेच. डोळ्याचा पांढरा भाग आणि पुढचे पारदर्शक पारपटल, म्हणजे कॉर्निया, ही दोन्ही मुख्यत्वे कोलॅजेन या एकाच प्रथिनाच्या तंतुकांची बनलेली आहेत. पदार्थ एकच, तरी एक अपारदर्शक व दुसरे काचेसारखे स्वच्छ. पांढऱ्या भागातील तंतुक लहानमोठे व विस्कळीत असल्याने प्रकाश सर्वत्र विखुरतो. पारपटलातील तंतुकांचा व्यास जवळजवळ सारखा, सुमारे ३० नॅनोमीटर असतो आणि त्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे ६० नॅनोमीटर असते. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये मांडले की, या नियमित मांडणीमुळे विखुरलेल्या लहरी परस्परांना छेद देतात व प्रकाश सरळ आरपार जातो. ही मांडणी स्फटिकाइतकी अचूक असण्याची गरज नाही. शेजारच्या तंतुकांपुरती नियमितता पुरते, अशी दुरुस्ती जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये केली.

पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एक थर सतत पाणी बाहेर काढत असतो. या पेशी इजेने, आजाराने वा शस्त्रक्रियेनंतर कमी झाल्या तर पारपटल फुगते, तंतुकांमधील अंतरे बिघडतात आणि दृष्टी धुरकट होते. तंतुक तेच असतात, मांडणी मात्र मोडलेली असते. जखमेच्या व्रणात नवे तंतुक असमान व विस्कळीत तयार होत असल्याने तेथे पांढरा डाग, म्हणजे फूल, पडते. अशा रुग्णांवर पारपटलाचे रोपण करतात. त्यासाठी नेत्रदान मृत्यूनंतर साधारणतः ६ तासांच्या आत व्हावे लागते.

काळी जमीन व बेसाल्टचे स्तंभ

सोलापुरी चादरीवरील नक्षीतही क्रमबद्धता आहे. परंतु ती जॅकार्ड यंत्रमागाने बाहेरून लादलेली असते. जमिनीला पडणाऱ्या भेगांची गोष्ट वेगळी. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते. पहिल्या वाळण्यात भेगा एकमेकींना बहुधा काटकोनात मिळतात. भिजणे-वाळणे पुनःपुन्हा झाल्यावर त्या १२० अंशांच्या कोनाकडे झुकतात आणि ढेकळांचे आकारमान अधिक सारखे होत जाते. प्रयोगशाळेतील चिखलावर हा बदल पाहण्यात आला आहे.

लाव्हा थंड होताना भेगा पृष्ठभागाकडून आत सरकतात व वाटेत त्यांची मांडणी अशीच सुधारत जाऊन बहुकोनी स्तंभ तयार होतात. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ६० मीटर उंचीचा हा खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. माथ्यावर मंदिर आहे. भोवतालचा भाग दगडाच्या खाणकामाने व नंतर इमारतींनी वेढला गेल्यामुळे मूळ टेकडीचा आता उभा सुळकाच तेवढा शिल्लक आहे.