मोगलाईच्या वेशीवर

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागा आणि थेट 1905 सालात या. दुकानं, क्लासच्या पाट्या, रिक्षा, सगळं गेलं. पायाला काळी माती चिकटते आहे आणि दोन्ही अंगांना ज्वारी उभी आहे.

ही मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य; मराठवाडा त्याचाच भाग. अंमल सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा. पण हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला. शहराच्या पलीकडे छावणी आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं हैदराबाद कंटिंजंटचे स्वार असत. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाच्या माथी. 1857 साली इथले स्वार उलटले, तेव्हा त्यांना आजच्या क्रांती चौकात देहदंड दिला गेला. त्याआधी याच फौजेच्या खर्चाचं कर्ज निजामावर साचत गेलं आणि 1853 च्या तहानं वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेला. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांवर तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं मिळाला आणि लगेच मध्य प्रांताला जोडला गेला.

आता स्टेशनावर चला. मनमाडची मीटरगेज गाडी लागली आहे. समोरच्या शेतकऱ्याच्या हातात कोर्टाचा कागद आहे. अक्षर उर्दू, त्याला एकही ओळ लागत नाही.

"कुणाकडून वाचून घेतला का, बाबा?"

"घेतला. त्यानं सांगितलं तेच खरं मानायचं."

रोटेगाव गेलं की नगरसूल येतं, म्हणजे इंग्रजी मुलूख. बाबा कनवटीचा हाली, म्हणजे निजामी, रुपया चाचपतात. इथून पुढं इंग्रजी कलदार चालतो आणि हालीचं मोल त्याहून कमी. माणसं तीच, बोली तीच, पीक तेच. कायदा आणि सरकार मात्र दुसरं.

परत आजच्या पुंडलिकनगरात या. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. 1956 साली मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र एका राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला. मराठवाडा मागं का, असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याला आधी हा नकाशा दाखवा. शर्यत सुरू झाली तेव्हा आपण एका रेषेवर उभे नव्हतो.