दखनी काव्य (हैदराबाद)
कुतुबशाही काळातील लोकजीवनाचे महत्त्वाचे साधन. हैदराबादचा संस्थापक मुहम्मद कुली कुतुबशाह (कारकीर्द १५८०–१६१२) स्वतः दखनीत, म्हणजे दख्खनच्या जुन्या उर्दूत, कविता करी. बखरी आणि फर्मानांत जे सहसा सापडत नाही, ते त्याच्या कवितेत आहे : वसंतोत्सव, ईद, शबेबरात, नौरोज, मोहरमचे मर्सिये (शोकगीते), महाल आणि बागा. मृगाच्या आगमनावर तर त्याने स्वतंत्र कविता रचल्या. शेतकऱ्याच्या पंचांगातले नक्षत्र सुलतानाच्या दिवाणात (काव्यसंग्रहात) यावे, ही दख्खनच्या मिश्र संस्कृतीची मोठीच साक्ष होय. अर्थात हे चित्र राजवाड्याच्या गच्चीवरून दिसलेले आहे. दुष्काळ किंवा करभार त्यात शोधू नये.

राजकीय घडामोडींसाठी विजापूरच्या नुस्रतीचे ‘अलीनामा’ हे दखनी काव्य अधिक उपयोगी. दुसऱ्या अली आदिलशाहाच्या मोगलांशी व शिवाजी महाराजांशी झालेल्या लढाया त्यात आहेत, त्याही दरबारी कवीच्या नजरेतून. शिवकालाच्या मराठी अभ्यासकाने ते मुळातून वाचायला हवे.

मुहम्मद कुलीच्या मृत्यूनंतर त्याचा पुतण्या व जावई सुलतान मुहम्मद याने त्याचे काव्य एकत्र केले. त्या काव्यसंग्रहाची मुद्रित आवृत्ती डॉ. मोहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी १९४० मध्ये हैदराबादेत काढली.