जबड्याची कुळकथा

पोटातून बोलणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे. ॲरिस्टोफनीसच्या इ.स.पू. ४२२ मधल्या ‘वॅस्प्स’ या नाटकात युरिक्लीस नावाच्या अशा भविष्यवेत्त्याचा उल्लेख येतो. आवाज पोटातूनच निघतो ही समजूत इतकी घट्ट होती की ग्रीकांनी या लोकांना तसंच नाव दिलं आणि लॅटिनने त्याचा शब्दशः तर्जुमा केला. तोच आजचा ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’. प्रत्यक्षात आवाज घशातूनच येतो, पोटाचा संबंध आपल्या रोजच्या बोलण्यात असतो तेवढाच. मराठीने इथे पोटाला बाजूला ठेवून ‘शब्दभ्रम’ म्हटलं. म्हणजे जादू बोलणाऱ्याच्या देहात नाही, ऐकणाऱ्याच्या चुकीत आहे. या कलेत बाहुला का आला, याचं उत्तर या शब्दातच दडलेलं आहे.

१७७२ साली फ्रान्समध्ये ला शापेल नावाच्या धर्मगुरूने या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली दोन माणसं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. पहिला सँ-जिल हा किराणा दुकानदार. त्याच्याजवळ बाहुला नव्हता. विज्ञान अकादमीच्या सभासदांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा सोबतच्या एका सरदारपत्नीला आधीच सांगून ठेवलं होतं की या भागात एक अदृश्य आत्मा बोलतो. मग आवाज आला आणि बाई फसल्या. दुसरा व्हिएन्नाचा सरदार मेंगन. त्याच्या खिशात तोंड हलणारी छोटी बाहुली असे. तो तिला बाहेर काढी आणि तिच्याशी वाद घाली. त्याला आत्म्याची प्रस्तावना लागत नव्हती. सँ-जिलला आवाजासाठी जागा शब्दांनी तयार करावी लागली, मेंगनने ती हातात धरली. माझ्या मते बाहुल्याचं कूळ इथे सुरू होतं, आणि ते लाकडाचं किंवा रंगाचं नसून हलणाऱ्या जबड्याचं आहे.

याला आधार आहे. आवाज नेमका कुठून आला हे ठरवण्यात आपले कान ढोबळ असतात आणि डोळे नेमके, त्यामुळे दोघांत मतभेद झाला की मेंदू बहुधा डोळ्यांचं ऐकतो. २००४ साली ॲलेस आणि बर या संशोधकांनी दाखवलं की दिसणारं चित्र फार धूसर केलं तर पारडं उलटतं आणि कान जिंकतात. म्हणजे भ्रम टिकायचा तर डोळ्यांना ठसठशीत, वेळेवर हलणारं काहीतरी मिळालं पाहिजे. शिवाय प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ न मिटता काढताच येत नाहीत. शब्दभ्रमकार त्यांच्या जागी जिभेने जवळपासचा आवाज काढून वेळ मारून नेतो. (आपल्या व्याकरणकारांनी या कलेतली अडचण आयतीच एका ओळीत मांडून ठेवली आहे.) त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा मिटला तर चोरी खपून जाते.

एक आक्षेप असा की बाहुल्यांचा खेळ याहून पुरातन, मग कूळ तिथून का नाही? पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहा. तिथे खेळवणारा आडोशाला असतो. जो दिसतच नाही त्याचे ओठ लपवण्याची गरज काय? बाहुलीचं अंग बोललं तरी पुरतं. शब्दभ्रमकार मात्र प्रेक्षकांसमोर उघडा बसतो. १८९६ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात फ्रेड रसेलने ‘कोस्टर जो’ या एकाच बाहुल्याला मांडीवर घेऊन संवाद रंगवला आणि आजची बैठक रूढ झाली. चेहऱ्याशेजारी चेहरा, एक मिटलेला, एक हलता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. शब्दभ्रमकार एडगर बर्गन आणि त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी १९३७ पासून अमेरिकन रेडिओवर गाजले. डोळ्यांचा प्रश्नच नव्हता, मग जबडा कशाला? पण बर्गनचे ओठ हलतात ही थट्टा जगजाहीर होती आणि रेडिओवर तिने काही बिघडलं नाही. ब्रिटनमध्ये १९५० साली ‘एज्युकेटिंग आर्ची’ या रेडिओ कार्यक्रमातून घराघरांत पोहोचलेल्या शब्दभ्रमकार पीटर ब्रॉचे ओठ दूरचित्रवाणीवर दिसले, तेव्हा मात्र बोभाटा झाला. रेडिओवर चार्ली हे पात्र होतं, भ्रम नव्हता. याची उलट बाजू ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात दिसते. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी घडवलेल्या तात्या विंचू या बाहुल्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा, त्याला बोलवणारा शब्दभ्रमकार शेजारी नाही, तरी जबडा हलवावाच लागला.

म्हणून जुना बाहुला दुरुस्तीला घेताना कुंचल्याआधी कळ तपासावी. तोंडाच्या दोन कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन फटी असतात, त्यांत जबडा आडव्या तारेवर झुलतो. मानेखालच्या दांड्यावरची कळ दोरीने त्याला उघडते आणि स्प्रिंग किंवा रबर पुन्हा मिटवतं. रबर विटतं, स्प्रिंग गंजते, आपटण्याचा आवाज दाबणारं नमद्याचा तुकडा झिजतो. जबडा अर्ध्या क्षणाने उशिरा मिटला की वर सांगितलेली सगळी चोरी उघडी पडते. यावर जतनवाले म्हणतील, मूळ रंग हाच पुरावा, त्याला धक्का नको. पटण्यासारखं आहे, पण अर्धंच. यशवंत पाध्यांनी मंचावर आणलेला, रामदास पाध्यांनी पुढे बोलता ठेवलेला, शंभरी ओलांडलेला अर्धवटराव काचेच्या कपाटात निव्वळ रंगासाठी जपला असता, तर तो अर्धवटराव राहिला नसता. आणि बऱ्याचदा जबडा अडतो तो रंगामुळेच. प्रत्येक दुरुस्तीत एक थर वर चढतो, फटीच्या कडा जाड होतात आणि लाकूड लाकडाला घासू लागतं. गालांवरचा, भुवयांवरचा जुना रंग जसाच्या तसा राहू द्यावा, पोपडे सुटले असतील तिथे फक्त चिकटवावेत. फटीच्या आतल्या कडांवरचे नंतरचे थर मात्र खरवडून काढावेत आणि तिथे पुन्हा रंग लावूच नये. बंद तोंडात ती जागा प्रेक्षकाला दिसत नाही.