जुळ्यांचा घोळ आणि भाभांचं घड्याळ

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो होणार, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरीही आली. तेव्हापासून गावाकडे गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "ते आइन्स्टाइनचं मशीन ना? त्यात टाइम स्लो होतो का?"

नाही हो. लायगो गुरुत्वीय लहरी पकडणार, तो आइन्स्टाइनचा १९१५चा सिद्धांत. वेगात घड्याळ हळू चालतं, हे १९०५चं. ते बघायला चार किलोमीटरच्या नळ्या लागत नाहीत. तळहात आडवा धरा. साधारण सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातोय.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. अवकाशातले किरण हवेवर आदळतात आणि सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हा जन्मतो. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर. या हिशोबाने कोटीतला एकही खाली पोचायला नको. पण पोचतात, कारण आपल्या घड्याळाने बघितलं तर त्यांचं आयुष्य ताणलं जातं.

हे मोजता येईल, हे कुणाला सुचलं? मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांना! जानेवारी १९३८, 'नेचर' मासिक. भाभा तेव्हा केंब्रिजला, वय २८, म्हणजे माझ्याच वयाचे (मी त्या वयात बग फिक्स करतोय, असो). त्यांनी लिहिलं की असा जड कण आपोआप फुटत असेल तर तो एक घड्याळच झाला, आणि पळताना तो उशिरा फुटला पाहिजे. गंमत म्हणजे ते बोलत होते युकावाने सुचवलेल्या कणाबद्दल. आकाशातून येणारा कण वेगळाच, हे १९४७ च्या सुमारास कळलं. कण बदलला, पण घड्याळाची कल्पना टिकली. १९४० मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरावर आणि खाली डेन्व्हरला कण मोजले. जास्त वेगवान कण जास्त जगत होते.

बीटेकला मी हे सूत्र पाठ करून मार्क घेतले. भाभांचं नाव त्या धड्यात नव्हतं. अणुऊर्जेच्या धड्यात होतं.

आता जुळ्यांचा घोळ. एक भाऊ रॉकेटने जाऊन परत येतो, दुसरा घरीच. प्रवासातला तरुण राहतो. पण त्याच्या नजरेने घरचाच पळत होता ना? मग घरचा तरुण का नाही? मी बरीच वर्षं इथेच अडकलो होतो. सुटलो ते ओडोमीटरमुळे. हिंगोलीहून नांदेडला दोन गाड्या निघाल्या, एक कळमनुरीवरून, दुसरी परभणीला वळसा घालून. नांदेडला दोघींचे आकडे वेगळे. ओडोमीटर बिघडलं असं कुणी म्हणत नाही, रस्ताच वेगळा होता. काळाचंही तसंच, फक्त उलटं: वळसा घालणाऱ्याचं घड्याळ कमी भरतं. दोघे सारखे नाहीत, कारण वळला एकच. घरचा वळलाच नाही.

पण आकाशातला म्युऑन परत येत नाही, त्यामुळे ती अर्धीच गोष्ट. पूर्ण गोष्ट जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये झाली, निकाल १९७७ मध्ये छापले गेले. १४ मीटर व्यासाच्या कड्यात म्युऑन ९९.९४ टक्के प्रकाशवेगाने गोल फिरवले. प्रत्येक फेरीला परत त्याच जागी, म्हणजे रॉकेटवाला भाऊ दर फेरीला घरी. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. हे जगले सुमारे ६४, आइन्स्टाइनच्या सूत्रातून निघतात तितकेच. तेव्हा भाभांना जाऊन ११ वर्षं झाली होती.

पुढच्या एपिसोडमध्ये दुधाळ्याच्या त्या नळ्या. तोवर तळहात बघत बसा.