बोरघाट की भोर घाट?

१/ मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा घाट सर्वप्रथम सर करणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. इंग्रजी वृत्तांतांत मात्र त्याचे राज्य अनेकदा ‘भोर घाटा’त असते!

२/ मावळच्या वेशीवरचा हा घाट म्हणजे बोरघाट. भोर हे पुण्याच्या दक्षिणेचे, पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. दोहोंत साम्य केवळ नावाचे.

३/ ही चूक वार्ताहराची नव्हे, वारशाची. १८६३ साली खुल्या झालेल्या घाटातील लोहमार्गाच्या इंग्रजी लेखनातच ‘ब’चा ‘भ’ झाला होता. रोमन लिपीतील तेच रूप पुढे मराठीतही परत आले.

४/ घाम गाळून जिंकलेला घाट बातमीत तरी स्वतःच्या नावाने ओळखला जावा. संपादकाला त्यासाठी एक ‘एच’ तेवढा खोडायचा आहे.