तुऱ्यावर आलेलं पीक

डिसेंबरातली सकाळ. मी हिंजवडीत, टीमची रोजची मीटिंग चालू, आणि दादांचा फोन. "ऊस तुऱ्यावर आलाय. मोबाईलात बघ, आपली तोड कवा हाय."

कारखान्याच्या अॅपवर आमची नोंद दिसत होती. जुलैची आडसाली लागण, दोन एकर, गाव लासुर्णे. तोडीच्या तारखेचा रकाना रिकामा.

त्याच दिवशी गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. कुठल्याशा तालुक्यात पोलिसांनी उसाच्या फडातून गांजाची झाडं उपटली होती. मुळांसकट, ओळीने मांडलेली. खाली हसण्याचे इमोजी. मला मात्र भलताच प्रश्न पडला. हे पीक उघड्यावर, सरकारी परवान्याने निघायचं तेव्हा 'आता तयार झालं' हे कोण ठरवायचं?

हो, असा काळ होता. १८९३ साली ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला आणि सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, बाकी सहा सदस्य, त्यातले तीन हिंदी. वर्षभरात त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या. निष्कर्ष आजच्या वाचकाला चक्रावून टाकणारा आहे: बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा. हा सगळा अहवाल आज स्कॅन होऊन इंटरनेटवर पडलेला आहे. मी दोन रात्री तो चाळत बसलो.

तेव्हा गांजाची मोठी लागवड मोजक्याच ठिकाणी होती. बंगालात राजशाही जिल्ह्यातलं नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, आणि आपल्या मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्हा. म्हणजे भीमा ओलांडली की आमचा शेजारच.

या पिकाची खरी परीक्षा काढणीच्या बरीच आधी व्हायची. गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचा पराग मादीवर पडला की तिच्यात बी भरतं आणि माल पडेल भावात जातो. म्हणून नराचं फूल उमलण्याआधी तो ओळखून उपटायचा. एखादा राहिला तर वारा पराग शेजाऱ्याच्या रानातही नेणार. नौगावला या कामाला खास माणूस असे. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. इंग्रजांनी त्याचं बारसं 'गांजा डॉक्टर' असं केलं. ओळीओळीने हिंडत, झाड वाकवून बघत, नर मोडत जायचा. त्याची नजर चुकली तर शेतकऱ्याचं वर्ष गेलं.

गंमत म्हणजे, याच झाडाच्या बाबतीत युरोपातले शेतकरी शतकानुशतकं उलटं समजत होते. बी धरणाऱ्या धिप्पाड मादीला ते पुरुषाचं नाव देत आणि किरकोळ नराला बाईचं. वनस्पतींनाही लिंग असतं हे जर्मनीत कामेरारियसने १६९४ साली प्रयोगांनिशी मांडलं, आणि त्या प्रयोगांत भांगेचं झाड होतंच.

नर गेल्यावर उरलेली मादी झाडं कणसांनी भरत जायची. खालची पानं पिवळी पडून गळू लागली, कणसांचा हिरवा रंग उतरून तपकिरी झाक आली, हाताला चिकटा लागला, की काढणी. घाई केली तर माल हलका. उशीर केला तर कणसं चुरतात, आणि 'चूर' हा मालाचा वेगळाच प्रकार धरला जायचा.

इथवर शेतकऱ्याचं शहाणपण. यापुढे वही. लागवडीला परवाना, निघालेल्या मालाचं वजन, नोंद. खांडव्याला तर माल सरकारी गोदामात जमा होई. आणि नौगावकरांनी १९१७ साली चक्क गांजा उत्पादकांची सहकारी सोसायटी काढली. तिच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. आपण सहकार म्हटलं की विठ्ठलराव विखे, धनंजयराव गाडगीळ आणि १९५० साली सुरू झालेला प्रवरेचा साखर कारखाना सांगतो. तोही नगर जिल्ह्यातलाच! गांजावाले तेहतीस वर्षं आधीचे निघाले.

आज कायदाही फुलावरच अडतो. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं वा फळं धरलेले शेंडे. शेंड्याविना असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा, आणि तिथे जामीन मिळणं महाकठीण. मुळं, खोड, पानं सगळं एकत्र काट्यावर टाकलं तर वजन फुगतं. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्याची उदाहरणं आहेत. फोटोतली ती मुळांसकट झाडं मी पुन्हा निरखून पाहिली.

उसाचं नेमकं उलटं. गांजाला फूल आलं की पीक हाताशी आलं, उसाला तुरा आला की वाढ खुंटली. मग दीड-दोन महिन्यांत तोडावा. राहिला तर वरचे डोळे फुटून पांगशा येतात, कांडीत दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही घटतात. नीरा डाव्या कालव्याला १८८५च्या सुमारास पाणी आलं, तेव्हापासून आमच्या भागाने हे शिकून घेतलंय. दादा कांडी सोलून दाताने चावतात आणि शेंड्याची गोडी बुडख्याशी ताडून बघतात. रिफ्रॅक्टोमीटरचा ब्रिक्सही तेच सांगतो, फक्त आकड्यात. पण दादांनी ओळखलं म्हणून टोळी येत नाही. ती नोंदीच्या क्रमाने येते, निदान तसं म्हणतात. आणि दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, आमच्या उसाच्या गोडीवर नाही.

मी अॅपमधून तक्रार केली. 'आपली विनंती नोंदवली आहे' असा मेसेज आला. असले मेसेज मीही पोटापाण्यासाठी लिहितो.

टोळी फेब्रुवारीच्या शेवटी आली. मी शनिवारी गावी पोचलो तेव्हा निम्मा फड झाला होता. दादांनी पडलेल्या उसातली एक कांडी उचलली, कोयत्याने उभी चिरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. मधोमध पांढरी, कापसासारखी दशी होती.

संध्याकाळी वजनाची पावती मोबाईलवर आली. दादांनी विचारलं, "किती?"

मी त्यांना आकडा वाचून दाखवला.