मधल्या मुदतीच्या पर्जन्य-अंदाजाची कुळकथा

जोयडा तालुक्यात डिग्गीच्या रानात उगम पावणारी काळी नदी त्याच तालुक्यात 101 मीटर उंचीच्या सुपा धरणाने अडविली आहे; त्या जलाशयात पाणी किती राखावे व किती सोडावे, आणि खोऱ्यातील कुणब्याने भाताची लावणी केव्हा उरकावी, या प्रश्नांना उद्यापरवाचा अंदाज अपुरा आणि सबंध हंगामाचा अंदाज मोघम पडतो. या दोहोंमधली, दोन ते चार आठवड्यांची मुदत सांभाळणारी विद्या मात्र वयाने फार लहान आहे.

हंगामी अंदाजाचा अंमल हिंदुस्थानात 1886 साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे सुरू केला, आणि पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशीच्या वेधशाळांची दफ्तरे ताडून प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराचे परस्परसंबद्ध चढउतार उजेडात आणले; तथापि हंगामांतर्गत झड व उघडीप यांचा क्रम त्यांना गवसला नाही. रोजच्या भाकितालाही सुमारे दोन आठवड्यांची मर्यादा आहे, कारण आरंभीच्या मापनातील अल्प प्रमाद तेवढ्या अवधीत साऱ्या गणितास व्यापतो.

ही कोंडी फोडली ती मंदगती तरंगांनी. 1971 साली रोलंड मॅडन व पॉल ज्युलियन यांना प्रशांत महासागरातील कँटन बेटावरच्या नोंदींत चाळीस ते पन्नास दिवसांचे आवर्तन आढळले, आणि पुढील वर्षी त्यांनी दाखविले की ते विषुववृत्तालगत पूर्वेकडे दरमजल करणाऱ्या पृथ्वीव्यापी अभिसरणाचे अंग आहे. 1980 साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. आर. सिक्का आणि बंगळूरच्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहचित्रांवरून सिद्ध केले की विषुववृत्तीय हिंदी महासागरावर उपजलेले मेघपट्टे उत्तरेकडे सरकत येऊन भूमीवरील मान्सूनला नवे बळ देतात. वादळे विरून जातात, पण हे तरंग कित्येक आठवडे टिकतात; म्हणूनच आजच्या तरंगावरून तिसऱ्या आठवड्याच्या पावसाचा कल सांगता येतो. 2012 च्या मान्सून मिशनातून पुण्यात घडलेली या मधल्या मुदतीच्या अंदाजाची प्रणाली आता हवामान विभाग वापरतो, आणि दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज प्रसृत होतो.

तरंग मान्सूनच्या प्रवाहाचा जोर सांगतो. तो प्रवाह कोणत्या दरीत किती बरसेल, हे सह्याद्रीचे उतार ठरवितात. यास्तव महासागरावरच्या या ज्ञानाला जोयड्यासारख्या घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकांच्या अखंड नोंदींची जोड मिळाली, तरच ते धरणाच्या दरवाजांवर आणि शेताच्या बांधावर खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.